रेव्हिटमध्ये व्हेंटिलेशनच्या डक्टचं मॉडेल: आधी काय, मग काय, आणि लोक नेमकं कुठे चुकतात

रेव्हिटमध्ये (बिल्डिंगचं थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) डक्ट काढणं अजिबात अवघड नाही. डीटी (डक्टचा शॉर्टकट) दाबलं, दोन क्लिक केले, डक्ट तयार. भानगड अशी आहे की बहुतेक जण सुरुवातच तिथून करतात आणि मग निम्मं मॉडेल झाल्यावर कळतं की साइझिंग (डक्टचं माप ठरवणं) चालत नाहीये, फ्लो शून्य दाखवतोय, मेन डक्ट बीममधून आरपार गेलाय आणि तोपर्यंत प्रत्येक वॉर्निंगला ओके दाबून झालेलं असतं. थ्रीडीमध्ये छान दिसणारा डक्ट आणि रेव्हिटला 'ही एक जोडलेली सिस्टम आहे' असं कळणारा डक्ट, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खालचा क्रम त्या दुसऱ्या गोष्टीसाठी आहे. डक्ट काढायचं काम यात बरंच उशिरा येतं, तेवढा धीर धरा.

पूर्ण लेखात एकच उदाहरण घेतोय: एक हॉल, ६ सप्लाय डिफ्युझर (सीलिंगमधून हवा खोलीत सोडणारी तोंडं), प्रत्येकी १५० लिटर प्रति सेकंद, म्हणजे एकूण ९०० लिटर प्रति सेकंद. फॉल्स सीलिंग २७०० मिमीवर, बीमचा तळ ३२५० मिमीवर.

## पायरी १: सॉफ्टवेअर उघडायच्या आधी कागदावर उंचीचा हिशोब

ही पायरी सगळेच गाळतात, म्हणून इथे जरा थांबतो.

सीलिंग आणि बीम यांच्यामध्ये ५५० मिमी जागा आहे. बघून वाटतं ३०० उंचीचा डक्ट आरामात बसेल. आता मोजा. पत्रा ३००, वर-खाली फ्लेंज (डक्टचे तुकडे जोडायच्या कडा) ३०-३० म्हणजे ६०, त्यावरून इन्सुलेशन २५-२५ म्हणजे ५०, झाले ४१०. खालून सपोर्टचा अँगल ४०. त्याच्या खाली सीलिंगची फ्रेम आणि लाइट फिटिंग यासाठी किमान १२० धरा. बेरीज ५७०. नाही बसत! डक्ट २५० उंचीचा केला तर बेरीज ५२० होते आणि वर ३० मिमी उरतात. म्हणजे या हॉलमध्ये डक्टची उंची २५० च्या पुढे जाणार नाही हे इथेच ठरलं, आणि हे रेव्हिट तुम्हाला स्वतःहून कधीच सांगणार नाही कारण फ्लेंज आणि सपोर्ट त्याच्या साध्या डक्टमध्ये नसतातच.

आता लेव्हल काढा. सीलिंग २७०० अधिक १२० अधिक ४० म्हणजे २८६० ला इन्सुलेशनचा तळ. त्यावर इन्सुलेशन आणि फ्लेंजचे ५५, म्हणून पत्र्याचा तळ २९१५, आणि २५० चा डक्ट असल्याने मध्य ३०४०. हे दोन आकडे लिहून ठेवा, पुढे लागणार आहेत.

रुंदी ढोबळमानाने काढायची तर क्षेत्रफळ म्हणजे फ्लो भागिले वेग. ०.९ घनमीटर प्रति सेकंद भागिले ५ मीटर प्रति सेकंद म्हणजे ०.१८ चौरस मीटर. उंची ०.२५ असेल तर रुंदी ०.७२, म्हणून ७५० बाय २५०. रुंदी-उंचीचं प्रमाण ३ ला १ आहे, चालेल. ४ ला १ च्या पुढे जायला लागलं तर डक्ट दोन भागांत विभागायचा किंवा दुसरा मार्ग शोधायचा विचार करा, कारण चपटा डक्ट पत्राही जास्त खातो आणि प्रेशरही.

तपासा: सगळ्या डिफ्युझरच्या फ्लोची बेरीज आणि एएचयू (एअर हँडलिंग युनिट, हवा पुरवणारं मशीन) किंवा फॅनचा फ्लो एकच आहे ना? कोणी घनमीटर प्रति तासात दिलं असेल तर लक्षात ठेवा, १ लिटर प्रति सेकंद म्हणजे ३.६ घनमीटर प्रति तास.

## पायरी २: लिंक आणि लेव्हल

मेकॅनिकल टेम्प्लेट घ्या. आर्किटेक्चरच्या टेम्प्लेटमध्ये सुरू केलं तर सिस्टम, डक्ट टाइप, फिटिंग काहीच धड लोड नसतं आणि पुढे एकेक फॅमिली (रेव्हिटमधला तयार भाग) शोधत बसावं लागतं.

आर्किटेक्चर आणि स्ट्रक्चरची फाइल लिंक करा. पोझिशनिंग ओरिजिन टू ओरिजिन, आणि लिंक आली की लगेच पिन. नाहीतर कोणीतरी चुकून ती सरकवतं आणि मग सगळा डक्ट भिंतीत शिरलेला दिसतो. लेव्हल स्वतः नव्याने काढू नका, कॉपी मॉनिटरने लिंकमधून घ्या, म्हणजे तिकडे लेव्हल बदलली की तुम्हाला कळेल. लिंकच्या टाइप प्रॉपर्टीमध्ये रूम बाउंडिंग टिक करायचं विसरू नका, ते नसेल तर स्पेस टाकताना भिंती ओळखल्या जात नाहीत.

स्ट्रक्चरची लिंक 'नंतर येईल' म्हणून थांबवली जाते. ती आल्याशिवाय मेन डक्टची उंची पक्की करू नका, एवढंच म्हणेन.

## पायरी ३: व्ह्यू आधी नीट करा

'डक्ट काढला पण दिसतच नाहीये', हा प्रश्न जेवढ्या वेळा विचारला जातो तेवढा दुसरा कुठलाच नाही. कारण जवळपास नेहमी व्ह्यू रेंज. डक्ट ३०४० ला आहे आणि व्ह्यूचा टॉप २३०० ला, तर तो दिसणार कसा? वॉर्निंग येते, लोक ती वाचत नाहीत, परत डक्ट काढतात, आणि एकाच जागी तीन डक्ट एकमेकांवर बसतात.

टॉप आणि कट प्लेन दोन्ही डक्टच्या वर न्या, वरच्या स्लॅबच्या खाली ठेवा. आता आर्किटेक्चरचे दरवाजे-खिडक्या विचित्र दिसायला लागतील, तर व्हिजिबिलिटी ग्राफिक्समध्ये रेव्हिट लिंकच्या टॅबवर जाऊन ती लिंक 'बाय लिंक्ड व्ह्यू' करा, म्हणजे ती तिच्या स्वतःच्या रेंजने दिसते. व्ह्यूची डिसिप्लिन मेकॅनिकल ठेवा आणि डिटेल लेव्हल मीडियम किंवा फाइन. 'कोर्स' डिटेल लेव्हलमध्ये डक्ट एकच रेघ दिसतो आणि नवीन माणूस घाबरतो.

एक सेक्शन आणि एक थ्रीडी व्ह्यू आत्ताच काढून ठेवा, तिन्ही खिडक्या शेजारी शेजारी लावा. फक्त प्लॅनमध्ये डक्ट काढणारा माणूस उंचीच्या चुका करणारच.

## पायरी ४: सिस्टम टाइप

रेव्हिटकडे डक्टसाठी मूळ तीन वर्ग आहेत: सप्लाय एअर, रिटर्न एअर, एक्झॉस्ट एअर. फ्रेश एअर हवं असेल तर प्रोजेक्ट ब्राउझरमध्ये सप्लाय एअर डुप्लिकेट करून त्याला नाव द्या. टॉयलेट एक्झॉस्ट, किचन एक्झॉस्ट हे एक्झॉस्टवरून डुप्लिकेट करा. प्रत्येकाला वेगळा रंग आणि शॉर्ट नाव दिलं की पुढे फिल्टर आणि टॅग दोन्ही सोपे होतात.

मूळ वर्ग बदलता येत नाही, म्हणून कशावरून डुप्लिकेट करताय ते बघून करा. एक्झॉस्टवरून 'फ्रेश एअर' बनवलं तर सप्लाय डिफ्युझर त्याला जोडलाच जाणार नाही आणि कारण शोधण्यात अर्धा दिवस जाईल.

## पायरी ५: डक्ट टाइप आणि राउटिंग प्रेफरन्स

डक्ट टाइपच्या राउटिंग प्रेफरन्समध्ये एल्बो, जंक्शन, ट्रान्झिशन, आयताकृतीतून गोल जाणारा ट्रान्झिशन, युनियन, एंड कॅप असे रकाने असतात. यातला एखादा रकाना 'नन' असेल तर तिथे वळताना रेव्हिट हात वर करतं आणि रूट सापडला नाही असा एरर देतं. एरर आला की लोक डक्ट इकडे तिकडे हलवत बसतात, खरं तर फॅमिलीच लोड नसते.

आता महत्त्वाचा निर्णय: ब्रांच जोडायला टी (तीन तोंडांचं फिटिंग) की टॅप.

टॅप घेतला तर मेन डक्ट अखंड राहतो आणि ब्रांच त्याच्या बाजूला चिकटते. नंतर ब्रांच सरकवायला सोपं, एडिटिंगला मस्त. पण मेन अखंड असल्याने त्याला एकच साइझ मिळते, म्हणजे सहाव्या डिफ्युझरपर्यंत ७५० बाय २५० च जाणार. साइझ कमी करत न्यायची तर स्प्लिट कमांडने मेन तिथे तोडावा लागतो, मग प्रत्येक तुकड्याला स्वतःचा फ्लो मिळतो. टी घेतली तर तुकडे आपोआप पडतात, पण प्रत्येक टीला जागा लागते आणि नंतर काही हलवलं की ट्रान्झिशन आणि टी एकमेकांना धडकून एररची रांग लागते. माझं मत विचाराल तर व्हेंटिलेशनच्या कमी प्रेशरच्या डक्टला टॅप घ्या आणि जिथे साइझ बदलायचीय तिथे स्वतः स्प्लिट करा. फॅब्रिकेटर प्रत्यक्षात तसंच बनवणार असेल तर हे अजूनच बरोबर.

दोन वेगळे डक्ट टाइप बनवून ठेवा, एक टॅपचा आणि एक टीचा. नावातच ते लिहा.

एल्बोची त्रिज्या पण इथेच बघा. मध्यरेषेची त्रिज्या डक्टच्या रुंदीच्या दीडपट हे नेहमीचं प्रमाण, पण ७५० रुंदीच्या डक्टला ती ११२५ मिमीपर्यंत जाते. कॉरिडॉरमध्ये एवढी जागा नसेल तर व्हेन (हवा वळवणाऱ्या पट्ट्या) लावलेला काटकोनी एल्बो घ्या, आणि ते आत्ता ठरवा.

## पायरी ६: आधी मशीन आणि डिफ्युझर, मग सिस्टम

एएचयू किंवा फॅन ठेवा, मग डिफ्युझर. डिफ्युझरमध्ये फ्लो १५० भरा. सीलिंग लिंकमध्ये असेल आणि डिफ्युझर फेस बेस्ड असेल तर तो लिंकच्या सीलिंगवर बसतो, छान वाटतं, पण आर्किटेक्टने ते सीलिंग डिलीट करून नवीन काढलं की डिफ्युझर अनाथ होतो. ज्या प्रोजेक्टमध्ये सीलिंग सारखं बदलतं तिथे लेव्हलवर बसणारी फॅमिली घ्या आणि उंची हाताने २७०० द्या.

सगळे सहा डिफ्युझर निवडा, क्रिएट सिस्टममध्ये डक्ट, मग सिलेक्ट इक्विपमेंटने एएचयू. अजून एकही डक्ट काढलेला नाही तरी सिस्टम तयार झाली.

फ्लो न येण्याचं मोठं कारण फॅमिलीच्या कनेक्टरमध्ये असतं. सप्लाय डिफ्युझरचा कनेक्टर सप्लाय एअर वर्गाचा, दिशा 'इन' आणि फ्लो 'प्रीसेट' हवा. एएचयूच्या सप्लायचा कनेक्टर दिशा 'आउट' आणि फ्लो 'कॅल्क्युलेटेड'. नेटवरून उतरवलेल्या एएचयूच्या फॅमिलीमध्ये कनेक्टर प्रीसेट आणि शून्य असतो, किंवा सप्लाय आणि रिटर्न उलटे असतात, हे वारंवार दिसतं. फॅमिली एडिट करून दुरुस्त करा आणि परत लोड करा.

तपासा: एफ९ ने सिस्टम ब्राउझर उघडा. 'अनअसाइन्ड' मध्ये तुमचा एकही डिफ्युझर राहिलेला नसावा. एएचयूवर क्लिक केल्यावर ९०० दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर इथेच थांबा, पुढे जाऊन ते आपोआप नीट होत नाही.

## पायरी ७: मेन डक्ट

जनरेट लेआउट नावाचं आपोआप मार्ग काढणारं टूल आहे. बघायला मजा येते, खऱ्या बिल्डिंगमध्ये फारसं कामाचं नाही, हातानेच काढा.

एएचयूच्या कनेक्टरवर राइट क्लिक करून ड्रॉ डक्ट. असं केल्याने साइझ, उंची आणि सिस्टम तिथूनच येते. मग ऑप्शन बारमध्ये रुंदी ७५०, उंची २५०, मिडल एलिव्हेशन ३०४०. व्हर्टिकल जस्टिफिकेशन काय आहे ते बघूनच पुढे जा, कारण ते 'बॉटम' वर असेल तर ३०४० हा तुमच्या डक्टचा तळ होईल आणि डक्ट १२५ मिमी वर सरकून बीममध्ये घुसेल. काढून झालं की सेक्शनमध्ये जाऊन पत्र्याचा तळ मोजा. २९१५ यायला हवा.

उंची बदलायची असेल तर मध्येच नवीन एलिव्हेशन टाइप करून अप्लाय करा, उभा तुकडा आपोआप येतो. पण दोन उंचींमध्ये फरक कमी असेल तर दोन एल्बो मावत नाहीत आणि जागा नाही असा एरर येतो. अशा वेळी काटकोनाच्या ऐवजी ३० किंवा ४५ अंशाचा ऑफसेट सेक्शनमध्ये जाऊन काढा. हवेलाही तेच आवडतं.

रायझरच्या बाबतीत एक वेगळी कटकट आहे: उभ्या डक्टमध्ये रुंदी आणि उंची कुठल्या दिशेला जाणार हे प्लॅनमध्ये तपासलं नाही तर शाफ्टमध्ये डक्ट आडवा बसतो आणि वरच्या मजल्यावर एल्बो जुळत नाही.

## पायरी ८: ब्रांच आणि फ्लेक्स

डिफ्युझरला १५० लिटर न्यायचेत. मेन २५० उंच आहे, त्याच्या बाजूला २५० व्यासाचा गोल टॅप बसणार नाही, कडेला थोडी जागा सोडावीच लागते. २०० चा गोल घेतला तर वेग ४.८ मीटर प्रति सेकंद होतो, डिफ्युझरच्या इतक्या जवळ तो आवाज करू शकतो. २५० बाय २०० ची आयताकृती ब्रांच घेतली तर वेग ३ वर येतो. मी तीच घेईन.

डिफ्युझर थेट मेनच्या खाली ठेवायचा मोह टाळा. पत्र्याच्या तळापासून सीलिंगपर्यंत २१५ मिमी आहेत, त्यात डिफ्युझरची मान, इन्सुलेशन आणि फ्लेक्सचं (वाकणाऱ्या लवचिक डक्टचं) वळण मावत नाही. मॉडेलमध्ये फ्लेक्स कसाही पिळून दाखवता येतो, साइटवर तो चेपतो. बाजूला ब्रांच, तिच्या टोकाला आयताकृतीतून गोल ट्रान्झिशन, मग छोटा फ्लेक्स, मग डिफ्युझर. फ्लेक्स दीड मीटरच्या आत ठेवा. मेकॅनिकल सेटिंगमध्ये ब्रांचसाठी फ्लेक्सची कमाल लांबी देता येते, पण ती आपोआप काढलेल्या लेआउटपुरतीच, हाताने काढलेल्या फ्लेक्सला कोणी अडवत नाही.

## पायरी ९: खरंच जोडलंय का?

एखादं फिटिंग डिलीट केलं की तिथे फट राहते, आणि झूम आउट केल्यावर ती दिसत नाही. डक्टला डक्ट टेकलेला दिसतो, जोडलेला नसतो.

दोन परीक्षा घ्या. पहिली: एका डक्टवर कर्सर ठेवून टॅब दाबत राहा, पूर्ण नेटवर्क उजळलं पाहिजे. जिथे उजेड थांबला तिथे फट. दुसरी: अॅनालाइझ टॅबवर शो डिस्कनेक्ट्स आणि चेक डक्ट सिस्टम्स चालू करा. मेनच्या शेवटच्या उघड्या टोकाला एंड कॅप लावा, नाहीतर ते टोक वॉर्निंग देत राहणार आणि त्या गर्दीत खरी वॉर्निंग हरवणार. फट सापडली की ट्रिम एक्स्टेंडने (टीआर) दोन्ही डक्ट परत जोडा, हाताने ओढून 'जवळपास' आणू नका.

## पायरी १०: साइझिंग

आता, आणि आत्ताच. फट असताना साइझिंग चालवलं तर आकडे येतात, पण चुकीचे.

आधी मेन दुसऱ्या आणि चौथ्या डिफ्युझरनंतर स्प्लिट करा. टॅबने पूर्ण मेन निवडा, डक्ट पाइप साइझिंग. फ्रिक्शन ०.८ पास्कल प्रति मीटर, सोबत वेग ५ मीटर प्रति सेकंदाची मर्यादा, दोन्हींमध्ये 'अँड'. रिस्ट्रिक्ट हाइट टिक करून २५० द्या. हे टिक विसरलात तर रेव्हिट खुशाल ४०० उंचीचा डक्ट देईल आणि पायरी १ चा सगळा हिशोब पाण्यात.

हाताने पडताळून बघा. पहिला तुकडा ९०० लिटर, ७५० बाय २५०. दुसरा ६०० लिटर, ५०० बाय २५०. तिसरा ३०० लिटर, २५० बाय २५०. तिन्हीकडे वेग ४.८ येतो, दिसायला एकदम नीटनेटकं. पण छोट्या डक्टमध्ये त्याच वेगाला घर्षण जास्त असतं, तिसऱ्या तुकड्यात ते प्रति मीटर १ पास्कलच्या वर जातं, म्हणून रेव्हिट तिथे ३०० बाय २५० मागतं. ते बरोबर मागतंय. नुसता वेग बघून साइझ ठरवणारे इथे फसतात.

साइझच्या यादीत ७२५, ६७५ असे विचित्र आकडे असतील तर मेकॅनिकल सेटिंगमध्ये जाऊन त्यांचं 'यूज्ड इन साइझिंग' काढून टाका आणि परत चालवा. साइझ बदलल्यावर प्रत्येक स्प्लिटच्या जागी ट्रान्झिशन बसलाय ना, आणि तो तळाला सपाट आहे की मध्यावर, हे सेक्शनमध्ये बघा.

## पायरी ११: डँपर आणि इन्सुलेशन

प्रत्येक ब्रांचला व्हॉल्यूम डँपर (फ्लो कमी-जास्त करायची झडप), अग्निरोधक भिंत ओलांडताना फायर डँपर. फायर डँपर भिंतीच्या जाडीतच बसायला हवा, भिंतीपासून अर्धा मीटर लांब ठेवलेला चालत नाही. शेजारी अॅक्सेस डोअर ठेवा, आणि त्या दरवाजापर्यंत माणसाचा हात पोचेल का ते थ्रीडीत बघा.

इन्सुलेशन साइझिंगच्या नंतर. टॅबने निवडा, अॅड इन्सुलेशन, २५ मिमी. यानंतर काढलेल्या नवीन डक्टला ते आपोआप लागत नाही, त्यामुळे डक्टचं शेड्यूल काढून त्यात इन्सुलेशनची जाडी हा कॉलम ठेवा आणि कोरे राहिलेले शोधा. लायनिंग वापरणार असाल तर लक्षात असू द्या, ते आतून बसतं, म्हणजे हवेची जागा कमी होते.

## पायरी १२: क्लॅश, टॅग आणि लिंक बदलल्यावर

इंटरफिअरन्स चेक डक्ट विरुद्ध स्ट्रक्चरची लिंक असा चालवा, मग डक्टचं फिटिंग विरुद्ध स्ट्रक्चर वेगळं, कारण फक्त 'डक्ट' निवडलं तर एल्बो आणि ट्रान्झिशन सुटतात. पाइप आणि केबल ट्रेसाठीही तेच. फ्लेंज मॉडेलमध्ये नाही हे विसरू नका, म्हणून रिझल्ट शून्य आला तरी ३० मिमीच्या आत काय आहे ते सेक्शनमध्ये किंवा नेव्हिसवर्क्स या मॉडेल तपासायच्या सॉफ्टवेअरच्या क्लिअरन्स टेस्टने बघा.

टॅगमध्ये साइझ आणि तळाची उंची दोन्ही द्या. साइटवरचा माणूस मध्यरेषेची उंची मोजत नाही, तो खालून टेप लावतो. तळ कशाचा, पत्र्याचा की इन्सुलेशनचा, हे ड्रॉइंगच्या नोटमध्ये एकदा स्पष्ट लिहा.

आर्किटेक्चर किंवा स्ट्रक्चरची नवीन फाइल आली की रीलोड करून लगेच काम सुरू करू नका. आधी कोऑर्डिनेशन रिव्ह्यूमध्ये लेव्हल हलल्या का ते बघा, मग अनाथ झालेले डिफ्युझर, मग पायरी ९ ची टॅबवाली परीक्षा, आणि बीमची खोली बदलली असेल तर ५५० चा हिशोब परत पहिल्यापासून.